नऊ पट्ट्यांचा पडदा

शिडं शिवणाऱ्याला पडदा शिवायला सांगितला तर काय होतं, ते त्या वर्षी अख्ख्या धक्क्याने पाहिलं.

तात्यांनी आयुष्यभर शिडंच शिवली. होड्यांना इंजिनं आली तशी शिडं कमी झाली. मग ते होड्यांची पांघरुणं शिवू लागले, दुकानांचे कनाती-पडदे शिवू लागले, पण लोकांच्या तोंडी ते शिडवाले तात्याच राहिले. धक्क्यावरच्या जुन्या शेडच्या माळ्यावर त्यांची जागा. जमीन घासून गुळगुळीत झालेली, कारण शिडाचं कापड जमिनीवर पसरूनच शिवावं लागतं. खिडकीशी मेणाचा गोळा, दोऱ्याची रिळं, आणि उजव्या तळहाताला बांधायचं चामडं. दाभण जाड कापडातून रेटायचं तर ते लागतंच.

धक्क्यावरच्या कलामंडळाचा वर्षातून एकदा कार्यक्रम असे. सकाळी भिंतीवर चित्रं, दुपारी गाणी, आणि अंधार पडला की उघड्यावर सिनेमा. मंडळाचा कारभार ग्रंथालयातल्या बाई बघत. त्या वर्षी ग्रंथालयाचं जुनं कपाट हलवताना त्यांना मागे एक पत्र्याचा डबा सापडला. आत सिनेमाचं रीळ. कधीकाळी इथे राहून गेलेल्या एका डॉक्टरला चित्रण करायचा नाद होता, त्याचं. झाकणावर शाईने लिहिलेलं, ‘धक्का. शिडं शिवणाऱ्या बायका.’

बाई डबा घेऊन थेट माळ्यावर आल्या. तात्यांनी झाकणावरची ओळ बोट लावून एक एक अक्षर वाचली आणि दाभण कापडात तसंच राहू दिलं.

त्यांची आई शिडं शिवायची. ती गेली तेव्हा तात्या तीन वर्षांचे होते. घरात तिचा एकही फोटो नव्हता. आई कशी होती, हे त्यांना फक्त थोरल्या बहिणीच्या, अक्काच्या, तोंडून ठाऊक. अक्का तेव्हा दहा वर्षांची होती. तिनेच पुढे भावाला दाभण धरायला शिकवलं. आता अक्काचे डोळे गेले होते, आणि तेही तऱ्हेवाईकपणे. समोरचं काही दिसत नसे, फक्त कडेचं दिसे. माणसाकडे पाहायचं तर ती त्याच्या खांद्याच्या पलीकडे बघे. नवखा माणूस मागे वळून बघे, कोण आलं म्हणून.

रीळ तपासलं मास्तरांनी. गावातलं थिएटर बंद पडेपर्यंत मास्तर तिथे मशीन चालवत. त्यांच्या घरात अजून एक लहान मशीन होतं आणि मास्तर त्याला सख्ख्या मुलासारखं पुसत. त्यांनी पट्टी उजेडाला धरली.

“तीन बायका आहेत बसलेल्या. चेहरे तिळाएवढे. यातली तुझी आई कोण, ते मोठं करून बघितल्याशिवाय कळायचं नाही.”

“मला मोठं करूनही नाही कळायचं,” तात्या म्हणाले. “अक्काच सांगेल.”

“मग नीट ऐक. रीळ वाळून पापड झालंय. दोनदा चालेल. तिसऱ्यांदा चालवलं तर तुकडे गोळा करत बसू. तेव्हा पडदा मोठा हवा आणि तुझ्या अक्काला नीट दिसेल असा हवा.”

मंडळाच्या जुन्या पडद्याला उंदरांनी भोकं पाडली होती. तात्या म्हणाले, पडदा मी शिवतो. त्यांनी पांढऱ्या कापडाच्या नऊ उभ्या पट्ट्या कापल्या, आठ जोड घातले, चारी कडांना दोर गुंफला. चार दिवस खपले. शिवण अशी, की नख फिरवलं तरी अडकू नये.

कार्यक्रमाच्या आदल्या संध्याकाळी पडदा बांबूंच्या चौकटीला बांधला. जुनं रीळ जपून ठेवलं होतं, म्हणून मास्तरांनी दुसरं, होड्यांचं एक रीळ लावलं. तोच समुद्रावरून वारा आला. पडद्याने पोट पुढे काढलं. वारा थांबला, पोट आत गेलं. पडद्यावरचा धक्का केळ्यासारखा वाकला. होडीत उभा असलेला माणूस आधी वाळला, मग एकाएकी गरोदर दिसू लागला.

बाई तोंडावर पदर धरून म्हणाल्या, “तात्या, हा पडदा निघाला की हो समुद्रावर. चौकट तेवढी धरून ठेवा.”

मास्तर मात्र हसले नाहीत. त्यांनी मशीन बंद केलं, पडद्याजवळ गेले आणि जोड चाचपले. “तू याला पोट दिलंस?”

तात्यांनी जोडावरून बोट फिरवलं. शिडाला पोट लागतं. सपाट शिडात वारा ठरत नाही, होडी पुढे जात नाही. म्हणून प्रत्येक जोड टोकांशी बोटभर आत घ्यायचा, म्हणजे मधलं कापड फुगतं. पन्नास वर्षं हात तेच करत आलेले. डोकं पडदा शिवत होतं आणि हातांनी शीड शिवलं होतं.

“वारा फार आहे आज,” तात्या शेवटी पुटपुटले.

“नाचता येईना अंगण वाकडं,” मागून अक्का म्हणाली. “जोड उसव. सोळा टोकं आहेत. उद्या दिवे लागेपर्यंत होतील.”

दुसऱ्या दिवशी उजाडताच तिघं माळ्यावर बसली. तात्या उसवत, पुन्हा शिवत. मास्तर कापड ताणून धरत. अक्का दोरा मेणातून ओढून देई, त्यासाठी डोळे लागत नव्हते. खालून भिंत रंगवणाऱ्यांचा गलका येत होता, मग दुपारी गाणी सुरू झाली. एका गायकाचा सूर भलतीकडे गेला तेव्हा अक्का म्हणाली, “यालाही पोट दिलंय कुणीतरी.”

सहावं टोक झालं तसे मास्तर म्हणाले, “ए, तू हे काय करतोस मघापासून?”

“काय?”

“वीतभर शिवलं की कापडाला दोनदा थोपटतोस. अंगाई पण म्हण की.”

“शिवण बसते त्याने.”

“थापटीने शिवण बसते होय? मग दाभण कशाला घेतलंस?”

“अक्काने शिकवलंय.”

“मी नाही हो,” अक्का म्हणाली. “मला इतकी फुरसत कुठे होती. हा पहिल्यापासूनच थोपटतो. जित्याची खोड. त्याची बायको सांगायची, उशीचा अभ्रा शिवतानाही थोपटायचा.”

तात्यांनी मान हलवली आणि पुढची वीतभर शिवण झाल्यावर हात आवरून धरला. त्याच्या पुढच्या वीतभराला मात्र हात आपोआप दोनदा आपटला. मास्तरांनी नुसतं छताकडे पाहिलं.

पंधरा टोकं झाली आणि खालून बाईंची हाक आली. सूर्य टेकला होता, खुर्च्या भरत होत्या. राहिलं ते डावीकडच्या शेवटच्या जोडाचं खालचं टोक. तात्या हातात दाभण घेऊन बसलेच होते, पण मास्तरांनी कापडाची घडी घातली. “एका कोपऱ्याने जग बुडत नाही.”

पडदा चढला. या खेपेला वारा आला तरी ताठ राहिला, फक्त डावीकडे खाली कोपऱ्यात उशीएवढा फुगा उरला. तात्यांची नजर तिथेच जात होती. दातात अडकलेल्या कणाकडे जीभ जावी तशी.

अक्काला पहिल्या रांगेत, बरोबर मध्ये बसवलं. तात्या तिच्या शेजारी. तिला ओळखता आलं नाही तर? या जगात सांगणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं, आणि रीळ दोनदाच चालणार होतं.

मशीन घरघरू लागलं. आधी नुसत्या रेघा, मग धक्का आला, हीच शेड, हेच दार. दाराशी जमिनीवर पसरलेलं भलंमोठं शीड आणि त्याच्या कडेने बसलेल्या तीन बायका. मधली हसून कॅमेऱ्याकडे बघत होती. उजवीकडची तोंडावर हात धरून लाजत होती. डावीकडची खाली मान घालून शिवत होती, तिचं लक्षच नव्हतं.

“मधली का गं?” तात्यांनी विचारलं.

“थांब जरा.” अक्का पडद्याच्या अगदी मध्यावर नजर रोखून बसली होती. म्हणजे मधली बाई तिला दिसत नव्हती हे तात्यांना कळलं.

“डावीकडची,” अक्का म्हणाली. “कोपऱ्यातली. ती आई.”

“तुला दिसते?”

“कडेलाच बसली आहे ना. मला कडेचंच दिसतं. पण इतकी जाड नव्हती रे ती.”

“तो माझ्या कोपऱ्याचा दोष.”

तात्या पाहू लागले. आई. लांबट चेहरा, कपाळावर आलेली बट, दाभण ओढताना आवळलेले ओठ. तिच्या मांडीशी शिडाचं कापड उंच आलं होतं, आणि त्या उंचवट्यावर आईने डाव्या हाताने दोनदा थोपटलं. पुन्हा शिवू लागली. वीतभर शिवलं, पुन्हा दोनदा थोपटलं.

मागून मशीनच्या बाजूने मास्तरांचा हसू दाबल्यासारखा आवाज आला. दुसऱ्या रांगेतल्या बाई वळून तात्यांकडे बघू लागल्या.

“बघ,” तात्या म्हणाले, “आईही थोपटायची. शिवण बसते त्याने. आणि तो फुगा तेवढा माझा. टोक राहिलं ना उसवायचं.”

“कुठला फुगा?”

“तिच्या मांडीपाशी. पडद्याचा.”

अक्काने नजर जराशी उजवीकडे नेली, म्हणजे डावी कड तिला आणखी नीट दिसावी. मग तिने भावाचा हात चाचपून धरला.

“पडद्याचा नाही तो. तो तू आहेस.”

“मी?”

“तुला ऊन लागू नये म्हणून शिडाखाली निजवायची. चुळबुळ केलीस की थोपटायची. मला म्हणायची, तू खेळायला जा, याला मी बघते. विसरलेच होते बघ मी.”

त्या क्षणी पडद्यावर शिडाची कड हलली. खालून एक इवलासा पाय बाहेर आला आणि आईने न बघताच तो पुन्हा आत सारला. मग नुसता पांढरा उजेड राहिला. रीळ संपलं होतं.

बाई मास्तरांना काही सांगायला गेल्या, पण मास्तर आधीच रीळ उलटं गुंडाळत होते, बोटांच्या टोकांनी, फुंकर घालत.

“पुन्हा लावतो,” ते म्हणाले. “शेवटचं. तात्या, तोवर कोपरा ताणून धरू का? आई बारीक दिसेल.”

“राहू दे,” तात्या म्हणाले. “वाऱ्याने हलतोय तो. बरा वाटतोय.”

“हलतोय म्हणजे चुळबुळ करतोय,” अक्का म्हणाली. “थोपट त्याला.”

रांगेत हशा पिकला. तात्याही हसले. दिवा पुन्हा मालवला गेला, आणि अंधारात त्यांचा हात खुर्चीच्या दांड्यावर आपोआप दोनदा आपटला.