म्होरकी

ट्रकच्या फाळक्याला शिशाचं सील नुकतंच बसलं होतं. आत मेंढ्यांची दाटी होती. त्या दाटीतून एकच आवाज पुन्हा पुन्हा बाहेर येत होता, आणि मेंढपाळ कस्तुराबाई त्या आवाजाकडे अशी पाहत होती, जणू त्याला चेहरा होता.

"ती माझी हाय," अखेर ती म्हणाली. "ती इकलेली नाय."

सरकारी पशुवैद्य डॉ. सुलेखाच्या हातात सील दाबायची पक्कड होती, उन्हानं तापलेली. निर्यातीची जनावरं तपासून गाडी सीलबंद करण्याचा अधिकार तिला मागच्याच महिन्यात संभाजीनगरच्या कार्यालयातून लेखी आदेशानं सोपवला गेला होता. गाभण, लंगडं, आजारी जनावर जहाजावर चढू नये, असा तो कायदा. आदेश वाचताना तिला वाटलं होतं, की कायद्याच्या लांबलचक बाहीतून कुठेतरी दयेचा एक हात बाहेर येतोच. या जिल्ह्यात तो आपला असेल.

वैजापूरच्या रस्त्यालगतच्या या आवारात सकाळपासून तिनं एकेक मेंढी हातानं चाचपून पाहिली होती. फळीवरून ट्रकात चढायला मात्र एकही तयार होईना. तेव्हा रीतीप्रमाणे कस्तुराबाईनं आपली म्होरकी पुढं घातली. कळपाच्या पुढं चालणारी ती मेंढी आधी चढते, बाकीच्या तिच्यामागून चढतात, आणि सगळ्यात शेवटी तिला खाली उतरवून घेतात. गळ्यात काही अडकू नये या नियमाप्रमाणे तिची पितळी घंटा काढायला सुलेखानंच सांगितलं होतं. ऐन चढतीच्या वेळी एक मेंढी लंगडताना दिसली. तिला बाजूला काढायलाही सुलेखानंच सांगितलं, आणि कस्तुराबाई तिला धरून दूर झाडाखाली गेली. तेवढ्यात तिच्या जागी म्होरकी मोजली जाऊन गिनती पुरी भरली. फाळका लागला. पक्कड मिटली.

"गिनती बराबर हाय, म्याडम," व्यापाऱ्याचा माणूस सर्जेराव म्हणाला. "मावशी, तुमची मेंढी पासपोर्टाबिगर दुबईला चालली! लोक त्यासाठी जमिनी इकत्यात."

"तुझ्या तोंडाला कुलूप लागो," कस्तुराबाई म्हणाली. मग सुलेखाकडे वळली. "डाक्टरीणबाई, ती गाभण हाय. चार-दोन दिसांत कोकरू व्हईल तिला."

सुलेखानं फोन लावला. पलीकडे संभाजीनगरच्या कार्यालयातल्या साहेबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"तुमच्या सहीनं गाडीतलं प्रत्येक जनावर प्रवासाला योग्य ठरलंय. आता एक गाभण आहे म्हणता?"

"तिला मी तपासलंच नव्हतं, सर. ती विक्रीची नव्हती."

"सील लावण्याचा अधिकार तुम्हाला दिलाय. तोडण्याचा बंदरावरच्या अधिकाऱ्याला."

"मग तुम्ही परवानगी द्या, सर."

"तोडण्याचा अधिकार माझ्याकडे असता तर दिला असता. तो वरून थेट बंदरावर सोपवलाय. सोपवलेलं पुढं सोपवता येत नाही, मॅडम. बंदरावर पत्र पाठवा. जनावराची ओळख नीट लिहा."

फोन बंद झाला. सुलेखानं पक्कड उघडली आणि सीलच्या तारेवर ठेवली. सर्जेराव हसला नाही. हलक्या आवाजात म्हणाला, "तोडा. मी नाय अडवत. पर एकदा तोडल्यालं सील साहेबाबिगर पुन्हा लागत नाय. साहेब येस्तवर सगळा माल हितंच उन्हात. निम्म्या मरत्याल. त्याबी तुमच्याच सहीच्या हायेत ना?"

आतल्या धापा तिला ऐकू येत होत्या. तारेवरची पक्कड तिनं हळूच काढून घेतली. दया करायला नेमलेल्या त्या हाताला आता कुठं ठेवावं, हे तिला कळेना.

ट्रक निघाला. कस्तुराबाईनं घशातून एक लांब हाक काढली. ट्रकातून उत्तर आलं, वळणावरून पुन्हा आलं, आणि मग नुसता रस्ता उरला. आवारात मागं राहिलेल्या, न विकलेल्या मेंढ्या त्या रस्त्याकडे तोंडं करून उभ्या होत्या. कस्तुराबाईनं हाकारलं, काठी आपटली. एकही हलली नाही. त्यांच्या पुढं कोणीच नव्हतं.

सुलेखा तिच्याजवळ गेली. "मावशी, मी आत्ताच पत्र लिहिते. ओळख द्यावी लागेल. अंगावर काही खूण? तुम्ही तिला काय म्हणून हाक मारता?"

कस्तुराबाईनं तिच्या तोंडाकडे पाहिलं, मग हातातल्या पकडीकडे. पदराच्या गाठीतून तिनं पितळी घंटा काढली, लंगड्या मेंढीला खांद्यावर घेतलं आणि कळपाच्या पुढं जाऊन ती चालू लागली. पावलागणिक घंटा हलवत, म्होरकीच्या संथ चालीत. एक मेंढी वळली, मग दुसरी.

"मावशी, नाव तरी सांगा!"

घंटा खुलताबादच्या डोंगराकडे वाजत गेली.