घोड्याचे हुलगे

मानमोडीच्या तापाच्या साथीत बिबीजानचा एकुलता एक मुलगा करीम गेला. तो टांगा हाकायचा. मंगळवार पेठेतल्या खोलीत मग दोघीच उरल्या, बिबीजान आणि तिची सून नजीरा. नजीरालाही तोच ताप येऊन गेला होता. ती वाचली खरी, पण नुसती उठून बसली तरी डोळ्यांपुढं अंधारी यायची.

बिबीजान रडली नाही. मयतीला आलेल्या बायका तिच्या तोंडाकडं बघत होत्या, पण आतून काही येतच नव्हतं. सकाळी उठून ती चूल पेटवायची, पाणी ठेवायची आणि तिथंच बसून राहायची. भांडं कोरडं पडून तडतडायला लागलं, की तिच्या ध्यानात यायचं, आपण त्यात शिजायला काही घातलंच नव्हतं.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, "पोरीच्या अंगात रक्त राहिलेलं नाही. दूध, अंडी, मटणाचं अळणी पाणी द्या."

"बरं," बिबीजान म्हणाली. करीमचं घोडं मलकापूरच्या एका माणसानं विकत नेलं होतं आणि ते पैसे औषधपाण्यात, कफनात कधीच सरले होते. त्या साली पाऊसही धड झाला नव्हता. बाजारात जोंधळ्याला हात लावायची सोय नव्हती.

शेजारची शालूबाई परड्यातला शेवग्याचा पाला घेऊन आली, तेव्हा तिला कोपऱ्यातलं पोतं दिसलं.

"ह्यात काय हाय गं?"

"घोड्याचं हुलगं."

"आन् पोरीला उपाशी ठेवलीस व्हय? अगं, आमच्यात बाळंतिणीला देत्यात की ह्ये! भिजीव, फडक्यात बांधून मोड आण. शिजलं की वरचं पाणी गाळून लसणाची फोडणी दे. पाल्याची भाजी कर संगं."

बिबीजाननं सुपात हुलगे घेतले. खडे निवडताना बोटं आपोआप चालत होती. मोड आले, तिनं ते शिजवले, कढण केलं आणि वाडगा सुनेपुढं ठेवला.

नजीरानं वास घेतला आणि भिंतीकडं तोंड केलं.

"घोड्याचं खाणं हाय ह्ये, अम्मा."

"व्हय."

"मी न्हाय खायची."

बिबीजाननं आग्रह केला नाही. दुसऱ्या दिवशी तिनं पुन्हा तेच केलं आणि पुन्हा वाडगा पुढं ठेवला. नजीरा बराच वेळ वाफेकडं बघत राहिली.

"त्येंच्या सदऱ्याला ह्योच वास यायचा," ती म्हणाली.

"त्याच्या बापाच्याबी अंगाला यायचा."

मग नजीरानं वाडगा ओढला आणि सगळं पिऊन टाकलं.

"मीठ न्हाय घातलंसा."

"मला चवच कळंना झालीया, पोरी."

नजीरानं सरकत जाऊन मिठाचं मडकं घेतलं आणि भांड्यात चिमूट टाकली. "आता बघा."

बिबीजाननं घोट घेतला. गरम लागलं. एवढंच.

मग रोज तेच चाललं. कधी कढण, कधी हुलगे भाजून दळून केलेलं माडगं, वर नाचणीची आंबील आणि शालूबाईचा पाला. नजीरा आधी उंबऱ्यापर्यंत आली, मग भांडी घासायला लागली. तिच्या नखांवर लाली आली तेव्हा शालूबाईनंच तिचा हात धरून ती बिबीजानला दाखवली. बिबीजाननं मान हलवली.

नवऱ्यामागं घरात बसायची इद्दत सरली तोवर पोतंही तळाला गेलं होतं. शालूबाई एका वखारीत शेंगा फोडायला जायची. नजीरानं पदर डोक्यावर ओढला आणि तिच्याबरोबर निघाली. बिबीजान दारात उभी राहिली, दोघी वळणावर दिसेनाशा झाल्या तरी उभीच होती.

दिवस कलताना नजीरा आली ती पदरात मजुरीचे शेंगदाणे घेऊन.

"दाणं कुटून भाजीत घालू," ती म्हणाली. "तुमी दुपारी काय खाल्लंसा?"

बिबीजानला आठवेना. पण पोटात कळ आली होती, आणि ती भुकेची होती हे तिला जरा वेळानं उमजलं. तिनं मूठभर दाणे घेतले आणि तिथंच उभ्यानं खायला लागली.