ग्योंगजूची टेकडी

२०१७ साली कॅल्गरीतल्या आपल्या बेसमेंटमध्ये मनोहरपंत पाहुण्यांना सुनेच्या माहेरचे, कोरियाच्या जुन्या राजधानीचे, फोटो दाखवत होते.

"ही ग्योंगजूची हिरवी टेकडी. मी थेट वर चढलो."

पाहुणे हसले. सून जीयुन उठून बाहेर गेली. मनोहरपंतांच्या पत्नी हेमलताबाई, त्यांच्या अंगाची लाही लाही झाली.

"टेकडी नाही, राजाची समाधी आहे ती. रायगडावर महाराजांच्या समाधीवर चढला असतात का असे बूट घालून?"

"अगं, पाटी कोरियनमध्ये होती."

"आणि सून नको नको म्हणत होती, ते तर इंग्रजीत होतं ना?"

मनोहरपंतांनी फोटो काढून टाकला, माफी मात्र मागितली नाही. जीयुनने त्या घरात पुन्हा पाऊल ठेवलं नाही. मुलगा एकटाच येतो. हेमलताबाई दर रविवारी सुनेकडे जेवतात, नवऱ्याला घरी ठेवून.