नऊपुढचं शून्य

आम्ही मासाई गुरं मोजत नाही. संध्याकाळी कुंपणाच्या तोंडाशी उभं राहायचं, एकेकीचा रंग आणि शिंगं बघायची, कोण आली नाही ते आपसूक कळतं. आकडा तोंडातून निघाला की दृष्ट लागलीच समजा. पण हे ओंबाती गुरुजींना कोण सांगणार? ते किसीकडचे, केळीच्या मुलखातले. माणूस भला, पण नवा.

त्यांनी आठवीच्या पोरांना सांगितलं, घरची गुरं किती ते लिहून आणा. आधी कॅल्क्युलेटरवर बेरीज करा, सरासरी काढा, मग तेच आकडे कॉम्प्युटरच्या तक्त्यात भरा आणि उत्तर जुळतंय का बघा. माझी नासिएकू आठवडाभर त्यातच बुडाली होती. जेवतानासुद्धा तिची बोटं मांडीवर बटणं दाबत असायची. पालकांच्या दिवशी तक्ता भिंतीवर दाखवणार म्हटल्यावर मी यांच्या मागे हात धुऊन लागले. हे नको म्हणत होते. त्या दिवशी पहाटे गुरांकडे जाऊन आले तेव्हापासून तर गप्पच होते. पण मी कसली सोडते? होते नव्हते तेवढे मण्यांचे हार गळ्यात घातले आणि यांना ओढत नेलं.

पोरीने काय लिहिलंय ते विचारायचं मला सुचलंच नाही, एवढी मी हुरळलेली.

गेल्या दुष्काळाने आमचा कळप खाल्ला, ते बाहेर कुणाला ठाऊक नव्हतं. हे सगळ्यांना सांगत, गुरं हद्दीपलीकडे भावाकडे चाऱ्याला धाडलीत. खरं कळलं असतं तर यांच्या जोडीच्यांनी एकेक गाय आमच्या कुंपणात आणून सोडली असती, तशी रीतच आहे. आणि हे म्हणायचे, त्यापेक्षा मला पुरून टाका.

शाळेत खिडक्या लावून घेतल्या. भिंतीवर रंगीत दांडे उभे राहिले, प्रत्येकाखाली घराचं नाव. म्हाताऱ्यांनी दृष्ट लागू नये म्हणून आपापल्या छातीवर थुंकून घेतलं. पहिला दांडा सेंपेताचा, पार वरपर्यंत. सेंपेता आणि हे एकाच वर्षी जवान झालेले, म्हणजे जोडीचेच. मग उतरत उतरत सगळ्यांत शेवटी, नखाएवढा, आमचा.

"काय रे, भावाकडची गुरं यात धरली नाहीत वाटतं?" सेंपेता म्हणाला. चेष्टेतच म्हणाला, त्याच्या पोटात पाप नव्हतं. पण यांनी मान खाली घातली ती घातलीच. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

नासिएकूने बापाचं तोंड बघितलं. पोर शहाणी, नको तेवढी शहाणी. गुरुजी काही बोलायच्या आत ती कॉम्प्युटरपाशी गेली, माझं चुकलं, एक शून्य राहिलं, असं म्हणाली आणि बटण दाबलं. नवाचे नव्वद झाले. आमचा दांडा सर्रकन वर चढला आणि सेंपेताच्याही वर गेला.

कुणी हसलं नाही. हसले असते तर परवडलं असतं. सगळे आपापल्या पायांकडे बघायला लागले, यांची लाज राखायला.

हे काठीवर भार देऊन उठले.

"ते शून्य काढ, नासिएकू. नऊच आहेत."

लग्न होऊन आले तेव्हापासून यांच्या तोंडून गुरांचा आकडा मी कधी ऐकला नव्हता. पोरीने शून्य काढलं. दांडा खाली बसला. गुरुजी बिचारे खिडकी उघडायला धावले, तर त्यांना कडी सापडेना.

घरी येताना हे पुढे, आम्ही दोघी मागे. पावलागणिक माझे मणी वाजत होते. सगळे तोडून झुडपात फेकावेत असं वाटत होतं. मीच ओढत नेलं होतं ना यांना!

कुंपणाशी पोचल्यावर नासिएकू रोजच्यासारखी बापापुढे मान वाकवून उभी राहिली. डोक्यावर हात ठेवतात की नाही, माझा जीव टांगणीला लागला. यांनी ठेवला. उचलला मात्र नाही लवकर.

"आठ," हे म्हणाले. "पांढऱ्या कपाळाची आज पहाटे गेली. तुझ्या आईने एवढे मणी घातले होते, म्हणून बोललो नाही. उद्या शाळेत नीट लिही."