खिळ्यावरून चुलीवर

मी तांब्याचा टोप बोलतोय. जाड बुडाचा, लांब दांड्याचा, साठी ओलांडलेला.

फ्रान्समधल्या नॉर्मंडीत हातोड्याचे ठोके खाऊन मी घडलो आणि बर्गंडीत मार्सोच्या खाणावळीत नांदायला आलो. नदीच्या माशावरचा त्याचा लोण्याचा सॉस माझ्यातच व्हायचा. त्या सॉसने घराला एक तारा, म्हणजे उत्तम खाणावळींना मिळणारा मोठा मान, मिळवून दिला. तारा देणारे निरीक्षक नाव न सांगता येतात, जेवतात, बिल चुकतं करून जातात. दिलेला तारा जन्मभराचा नसतो, तो पुन्हापुन्हा तपासला जातो.

मार्सो गेला आणि त्याची मुलगी ओदिल चुलीशी उभी राहिली. बापाचा तारा आपल्या हातून जाईल, या धास्तीने बिचारीने मखमली पडदे आणले, चांदीचे काटे-चमचे आणले. मला घासूनपुसून जेवणघरात खिळ्याला टांगलं, शोभेला. पाहुणे माझं कौतुक करायचे आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

एका दुपारी एकट्याच आलेल्या गृहस्थांचा काटा खाली पडला. निरीक्षक मुद्दाम काटा पाडून परीक्षा घेतात, अशी आमच्याकडे पक्की समजूत. म्हातारा वाढपी लेओन्स धापा टाकत आत गेला.

"पोरी, तोच आलाय."

मग काय, सगळं घर त्या एका टेबलाभोवती. बाकीच्यांचा सॉस नव्या पातळ पातेल्यात एकटाच उकळत राहिला आणि फाटला. गृहस्थ निघाले गावात नवे आलेले दातांचे डॉक्टर. कोपऱ्यात जेवत असलेल्या एका बाईंनी मात्र अर्धा मासा पानात टाकला, बिल दिलं आणि मग निरीक्षकाचं ओळखपत्र काढलं. ओदिल पांढरीफटक पडली.

"मागच्या वर्षी इथेच बोटं चाटली होती मी," बाई शांतपणे म्हणाल्या. "आम्ही पडदे बघत नाही. ताटात काय आहे आणि ते दर वेळी, दर टेबलाला तसंच येतं का, तेवढंच बघतो. आम्ही पुन्हा येऊ."

त्या गेल्यावर ओदिल खुर्चीत बसून रडली. "काका, बाबांचा तारा मी घालवला."

लेओन्सने स्टूल ओढलं आणि मला खिळ्यावरून उतरवलं.

मला नवी कल्हई झाली. कोण आलं, कोण गेलं हे आम्ही विचारायचंच सोडलं. प्रत्येक टेबलाला तोच मासा, तोच सॉस. निरीक्षक पुन्हा कधी येऊन गेले, कुणालाच कळलं नाही. वसंतात ताऱ्यांची नवी यादी आली, तारा राहिला होता.

त्या बाईंनी टाकलेल्या अर्ध्या माशाचे उपकार मी विसरणार नाही. तुमच्याही कपाटात एखादं चांगलं भांडं नुसतं मिरवत असेल, तर त्याला आज आच दाखवा.

ताऱ्याची पाटी ओदिलने माझ्याच खिळ्याला लावली आहे. पाहुणे तिचं कौतुक करतात. करू देत. माझं बूड पुन्हा काळं झालंय.