हिरव्या सोफ्याचा फोटो

घड्याळजींनी हिरवा सोफा विकायला काढला, मोबाइलवर जाहिरात टाकली, आणि तीन आठवडे कुणी फिरकलंच नाही. सोफा तसा धडधाकट होता. उजव्या हातावरची उसवलेली शिवण सोडली, तर नाव ठेवायला जागा नव्हती. बायकोने जाहिरात उघडून पाहिली.

"अहो, हा विकायचा फोटो आहे की हरवल्याचा?"

घड्याळजींच्या ते जिव्हारी लागलं. लेकीने त्यांना फोटो सुधारायचं ॲप दिलं, कुठली पट्टी सरकवली की काय होतं तेही दाखवलं. पण यांची रीत वेगळी. चाळीस वर्षांत जे काही शिकले, ते दुसऱ्याने बनवलेलं घड्याळ उघडून. फोटोही तसेच उघडायचे, असं त्यांनी ठरवलं. नावाजलेल्या छायाचित्रकारांचे सोफ्या-खुर्च्यांचे साठेक फोटो गोळा केले, आणि सवयीने डोळ्याला भिंग लावून कॉम्प्युटरला नाक टेकवलं. दिसले ते लाल, हिरवे, निळे ठिपके. भिंग खिशात गेलं, आणि ते चार पावलं मागे सरले. तिथून मात्र दिसू लागलं.

एकाने उजेड डावीकडून घेऊन उजवीकडचा काळोख तसाच ठेवला होता. दुसऱ्याने भिंत जराशी फिकी केली होती, म्हणून खुर्ची पुढे आली होती. रोज एक फोटो घ्यायचा, काढणाऱ्याने काय काय केलं असेल ते वहीत लिहायचं आणि आपल्या सोफ्यावर करून बघायचं, असा नेम सुरू झाला. पहिल्या दिवशी सोफा निळा झाला. दुसऱ्या दिवशी त्यांनी पायांखालची सावली पुसली, तर लेक म्हणाली, बाबा, तो उडून जाईल, दोरी बांधा. तिसऱ्या दिवशी सोनेरी उजेड असा काही ओतला, की बायकोने सोफ्याला कावीळ झाल्याचं जाहीर केलं. घड्याळजी पट्ट्या मागे सरकवत राहिले. हे छायाचित्रकार नेमके कुठे थांबतात, तेच आता ते शोधू लागले होते.

मग एक फोटो भेटला. साधी आरामखुर्ची, तिच्या गादीवर खळगा, जणू कुणी नुकतंच दार उघडायला उठलंय. घड्याळजी दुपारभर त्या खळग्याकडे बघत बसले. मग त्यांनी बायकोला सोफ्यावर बसायला सांगितलं, मग उठायला, मग पुन्हा बसायला. अकराव्या वेळी ती बसली ती उठेचना.

"मी तुमची बायको आहे की रबरी शिक्का?"

"एकदाच. जरा उजवीकडे रेलून."

ती रेलली, उठली, आणि खळगा जमला. खिडकीच्या उजेडात त्यांनी फोटो घेतला. भिंत थोडी फिकी केली, सावलीला हात लावला नाही, कॅमेऱ्याने पिवळट केलेला हिरवा पुन्हा जागेवर आणला. शिवण पुसायला बोट पुढे गेलं. पण त्या आरामखुर्चीच्या पायावर चांगला लांबलचक ओरखडा होता, तोही ऐन उजेडात. एवढ्या जाणत्या माणसाच्या नजरेतून तो सुटला असेल, हे काही त्यांना पटेना. शिवण राहिली.

नवा फोटो जाहिरातीत टाकला. संध्याकाळी फोन आला, आणि दुसऱ्या दिवशी एक निवृत्त नर्सबाई दारात हजर. त्यांनी आधी मोबाइल पाहिला, मग सोफा, मग पुन्हा मोबाइल. शेवटी शिवणीवर बोट ठेवलं.

"ही दाखवलीत म्हणून आले," त्या म्हणाल्या. "बाकीचे सगळे सोफे कसे दवाखान्यातून बरे होऊन आल्यासारखे दिसतात."

दुपारी टेम्पो येऊन सोफा घेऊन गेला. बायको खूश झाली. घड्याळजी मात्र रिकाम्या जागेभोवती घुटमळत राहिले, कारण वहीत अजून चाळीस फोटो बाकी होते. जेवणाच्या टेबलावर डावीकडून छान उजेड पडला होता. त्यांनी पाण्याचा जग हळूच बाजूला सरकवला. बायकोने ते पाहिलं मात्र, ताट घेऊन ती टेबलाशी येऊन बसली आणि दोन्ही कोपरं त्यावर रोवली.

"हे विकायचं नाही."

विकत नाही, नुसता अभ्यास करतोय, असं त्यांनी शपथेवर सांगितलं. करा, पण मी इथून हलायची नाही, असं तिने बजावलं. मग घड्याळजींनी तिच्यासकट टेबलाचा फोटो काढला, आणि दोघं जेवायला बसली.