तार लांबली होती

"पोरी, तार लांबायला लागली. आता गार करायला घे. दुष्काळाचं साल हाय, टाकीत पानी निम्मंच हाय."

यशयाकाकांनी हे सांगितलं तेव्हा मी हसले होते. मी बी.एस्सी., नगरमधल्या एका लहानशा कारखान्यातली केमिस्ट. ते चौथी शिकलेले, केटलवरचे, म्हणजे माल शिजवायच्या माणूसभर उंच बंद भांड्यावरचे, मुकादम. बिस्फेनॉलपासून केलेला दाट द्रव आणि फ्युमॅरिक ॲसिड आम्ही दोनशे अंशांवर शिजवायचो. थेंबथेंब पाणी सुटत जातं, तसं पॉलिएस्टर, म्हणजे एक चिकट राळ, तयार होतं. ते कुठवर आलं हे मी ब्युरेटच्या काचनळीने उरलेलं ॲसिड मोजून ठरवायची. काका थंड फरशीवर ठिपका टाकून बोटाने तार ओढायचे.

"आकडा अजून पंचवीस आहे, काका. वीस व्हायला हवा. ब्युरेट खोटं बोलत नाही."

"ब्युरेटला केटल धुवायला लागत न्हाई, बाई."

तेवढ्यात शेजारच्या खोलीत, झोळीत, माझी सहा महिन्यांची हन्ना रडायला लागली. तिला पाजून आले तर केटलमधलं ढवळायचं पातं दाट मालात कण्हत होतं. आकडा मागे राहिला होता, माल पुढे गेला होता. केटलभोवती गार पाणी सोडलं. टाकी दहा मिनिटांत आटली. टँकर आलाच नाही. केटलभर माल आधी खरवसासारखा थिजला, मग त्याचा दगड झाला.

मालक आप्पासाहेबांनी आवाजही चढवला नाही. "ज्याची चूक, त्यानं सोमवारपर्यंत केटल मोकळी करायची. न्हाई तर घरी बसायचं. कुणाची?"

"तार बघायला मीच चुकलो, सायेब," काका म्हणाले.

मी बोलणार होते. झोळीकडे नजर गेली आणि राहिलं.

पाच दिवस ते छिन्नी-हातोडा घेऊन केटलच्या तोंडातून आत उतरले. नाकावर ओला फडका. बाहेर आले की भुवया धुळीने पांढऱ्या. पहिल्या दिवशी "बायकोनं बी इतकं घासायला लावलं न्हवतं," म्हणाले. तिसऱ्या दिवसापासून नुसतं खोकले. नाताळच्या आधी त्यांनी काम सोडलं.

आता संगमनेरला, प्रवरेच्या पुलाजवळ, चर्चमागच्या खोलीत एकटेच असतात. मी दोनदा गेले. मला बघून ते हसतात, आणि हसले की खोकला थांबत नाही. म्हणून जात नाही, असं मी घरी सांगते.

तुमचं तिकडे जाणं झालं तर जरा डोकावाल का? रात्री त्यांना झोप लागते का, दोन जिने चढवतात का, एवढंच बघा. माझं नाव काढू नका.